सातपुड्याच्या पायथ्याशी कलाकारांसाठी वस्ती उभारायची असेल तर

आमच्या शेतातला पहिला स्टुडिओ आम्ही पश्चिमेकडे तोंड करून बांधला, कारण तिकडून सूर्यास्त सुंदर दिसायचा. समोर मोठी काच, वर पत्रा. मार्चमध्ये एक जलरंगातले चित्रकार राहायला आले. चार दिवसांतच दुपारी दोननंतर ते आत थांबेनासे झाले. कागद ओला करून कुंचला रंगात बुडवेपर्यंत कागद कोरडा झालेला असायचा. दहाव्या दिवशी त्यांनी सामान बांधलं. जाताना एवढंच म्हणाले, "डोंगर रोज पाहिला, काम मात्र झालं नाही."

त्या वाक्यानंतर आम्ही काच काढली, पत्रा उतरवला आणि बांधकामाचा विचार पहिल्यापासून केला. पुढे जे लिहितोय ते त्यातून आलेलं आहे. कलाकार आपल्याकडे डोंगर बघायला येत नाही, काम करायला येतो. त्याला उजेड हवा, सावली हवी, पाणी हवं, कुणी हाक मारणार नाही अशी दुपार हवी. निसर्गाला धरून बांधायचं म्हणजे खानदेशातलं ऊन, वारा आणि काळी माती यांच्या कलाने बांधायचं. भिंतीवर वेली चढवल्या आणि दारात दगडी दिवा ठेवला की ते होत नाही.

आधी एक वर्ष थांबा

जागा हातात आली की लगेच गवंडी बोलावू नका. वर्षातून किमान चार वेळा तिथे मुक्काम करा: मे महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर, ऑक्टोबरात आणि जानेवारीत. दिवसा चक्कर मारून परत येणं उपयोगाचं नाही, रात्र काढायला हवी.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत दुपारी जागेवर उभं राहा आणि गरम वारा कुठून येतो ते अंगावर घेऊन पाहा. बहुतेक ठिकाणी तो पश्चिमेकडून येतो, पण एखादी टेकडी किंवा नाला त्याला वळवतो. शेजारच्या शेतातली माणसं दुपारी कोणत्या झाडाखाली बसतात तेही बघा. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिथे बसलेला असतो. आमच्या सालदाराने एका चिंचेकडे बोट दाखवून सांगितलं होतं की इथे दुपारीही झुळूक असते. आमचा सामाईक ओटा आज त्याच चिंचेखाली आहे.

पावसात पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं ते खुंट्या ठोकून ठेवा. ऑक्टोबरात कानावर लक्ष द्या. विहिरीवरच्या मोटारी रात्री कधी सुरू होतात, केळीच्या गाड्या कोणत्या रस्त्याने जातात, हे लेखकाला आणि गायकाला फार महत्त्वाचं आहे.

आणखी एक साधं काम. चार फुटांची काठी जमिनीत सरळ रोवा आणि महिन्यातून एकदा सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाच वाजता तिच्या सावलीच्या टोकाला दगड ठेवा. वर्षाअखेरीस ते दगडच तुम्हाला खिडक्या कुठे आणि छज्जा किती ते सांगतील.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलं तर पुढचं सगळं व्यर्थ. १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय घेता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे बिगर-आदिवासीकडे तिचं हस्तांतर करायला परवानगी लागते. नंदुरबार जिल्हा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो. 'करून टाकू काहीतरी' असं सांगणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहा. यावल किंवा अनेर धरण अभयारण्याच्या जवळपास असाल तर वनविभागाकडे आधी चौकशी करा. स्वतःच्या शेतात लहान प्रमाणावर सुरुवात करायची असेल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचून काढा, त्यात अनेक गोष्टी सोप्या होतात. अकृषक परवानगीचं काय ते तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

माती बघून पाया, माती बघून भिंत

तापीच्या काठाला खोल काळी माती, सातपुड्याच्या पायथ्याला गोटे आणि मुरूम. दोन्हींवर एकाच पद्धतीने बांधता येत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, मे महिन्यात भेगेत हात जातो. तिच्यावर उथळ पाया घेतला की दोन पावसाळ्यांत भिंतीला तिरपी चीर पडते. खाली पाच-सहा फुटांवर मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत खोदा, काळी माती पूर्ण काढा आणि खड्डा मुरमाने थर देत, पाणी मारून, धुम्मस करून भरा. मुरूम खोल असेल तर खाली फुगवटा असलेले खांब घेणारा अभियंता गाठा. इथे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

भिंतीला काळी माती चालत नाही. पांढरी किंवा पिवळी माती घ्या आणि आधी तिची परीक्षा करा. काचेची बाटली एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी घाला, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वाळू, मध्ये गाळ आणि वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमातीचा थर पाव हिश्शाच्या आसपास असेल तर विटा चांगल्या पडतील. फार जास्त असेल तर वाळू मिसळा. फारच कमी असेल तर दुसऱ्या शेताची माती बघा. मग गव्हाचा भुसा घालून आठवडाभर चिखल मुरू द्या. मुरलेल्या चिखलाला आंबूस वास येतो आणि तो हाताला चिकटत नाही, सरकतो. जुने गवंडी डोळे मिटून त्याच्यावरून हात फिरवतात आणि 'झाला' म्हणतात. आम्हाला हे कळायला तीन घाणी वाया घालवाव्या लागल्या.

मातीच्या भिंतीला दोन फुटांचं दगडी जोतं द्या. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील असं छप्पर अडीच-तीन फूट पुढे काढा. एवढं सांभाळलं तर वर्षाकाठी एकदा लिंपण पुरतं. लाकडी खांब थेट जमिनीत पुरू नका, दगडाच्या बैठकीवर उभे करा. उदई (वाळवी) मग लगेच नजरेस पडते.

जवळच्याच साहित्यातून मोठं काम उभं राहतं याचा आपल्या भागातला दाखला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजींनी त्या नगराच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या वस्तू वापरूनच ते नगर उभं राहिलं. सातपुड्यातले बांबूकाम करणारे हात आजही आहेत. त्यांना 'डिझाइन' दाखवून कामाला लावण्याआधी त्यांच्या घराचा कूड कसा विणलाय तो जाऊन बघा.

दिवसाची खोली जड, रात्रीची हलकी

आराखड्यातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं. दीड फुटाची मातीची भिंत आणि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असेल तर दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. म्हणून अशी खोली दिवसा काम करायला थंडगार असते. पण तीच भिंत रात्री साठवलेली उष्णता आत सोडते. त्या खोलीत मार्चनंतर झोप लागत नाही. आपली जुनी माणसं उगाच अंगणात नि धाब्यावर बाज टाकून झोपत नव्हती.

म्हणून स्टुडिओ जाड भिंतींचे आणि धाब्याचे करा. झोपायच्या खोल्या मात्र बांबूच्या कुडाच्या, आतबाहेर पातळ लिंपलेल्या, वर कौलं असलेल्या करा. त्या सूर्य मावळला की तासाभरात निवतात. दोन्ही वेगवेगळ्या इमारती ठेवा, मध्ये शंभरेक पावलांचं अंतर. कलाकाराला सकाळी उठून कामावर 'जायला' लागतं, याचाही उपयोग होतो.

मापांसाठी अजिंठ्याला एकदा निवांत जा. जळगावहून तासा-दीड तासाचा रस्ता. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरची ती लेणी म्हणजे पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहण्याची व्यवस्थाही होती. बारा क्रमांकाच्या लेण्यात मध्ये मोठं सभागृह आणि तीन बाजूंना बारा लहान खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत दोन दगडी शय्या, बाकी काही नाही. स्वतःची जागा लहान, सगळ्यांची जागा मोठी. आम्ही झोपायची खोली दहा बाय दहाची ठेवली: बाज, कोनाडा, कपड्यांना दांडी. सोफा नाही, दूरदर्शन संच नाही. वाचलेली जागा आणि पैसा स्टुडिओत गेला.

उजेड

चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. खानदेशात त्यात एक मेख आहे. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन तर उन्हाळाभर उत्तरेच्या खिडकीतून तिरकं आत येतं. म्हणून उत्तरेच्या खिडकीला वर छज्जा आणि दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट पुढे आलेल्या उभ्या भिंती द्या. खिडकी जमिनीपासून साडेतीन फुटांवर सुरू करा आणि जमेल तितकी उंच न्या. उजेड वरून पडला की चित्रावर हाताची सावली येत नाही.

दक्षिणेला चार फूट उंच खिडकी असेल तर दीड फुटाचा छज्जा पुरतो. मार्चच्या मध्यानंतर सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेवर येत नाही, आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तेव्हा मात्र ऊब आत येते. पश्चिमेची भिंत बंद ठेवा. फार तर छताजवळ दोन झरोके, गरम हवा जायला.

आता एक गोष्ट जी कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. आमच्या नव्या स्टुडिओच्या उत्तरेला केळीची बाग होती. एका चित्रकार ताईंनी आठव्या दिवशी मला आत बोलावलं आणि कोरा कॅनव्हास खिडकीसमोर धरला. तो पांढरा नव्हता, हिरवट होता. बागेवरून परतलेला उजेड आत येत होता आणि त्या आठ दिवस सगळे रंग थोडे तांबडे लावत होत्या. मग आम्ही खिडकीसमोरच्या केळीच्या चार ओळी काढल्या, तिथे पांढरट मुरूम पसरला आणि पलीकडे कमरेएवढी भिंत बांधून चुन्याने रंगवली. दुसऱ्या दिवशी उजेड स्वच्छ झाला. आतल्या भिंतीही चुन्याच्याच ठेवा. गेरूने रंगवलेली भिंत फोटोत छान दिसते, पण कॅनव्हासवर लाली पाडते.

कोणाला काय लागतं

शिल्पकाराला आठ फुटांचं दार, मुरमाची टणक जमीन आणि गाडी दारापर्यंत येईल असा रस्ता. दगडाची धूळ उडते म्हणून त्याची जागा इतरांच्या पूर्वेला, म्हणजे उन्हाळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला. कुंभारकामाची भट्टी त्याहून पूर्वेला, तिच्याभोवती गवताची काडी राहू देऊ नका. मातीकाम करणाऱ्यांना आपल्याकडचा मार्च छळतो. भांडं एका अंगाने वाळून तडकतं. त्यांच्यासाठी ओल्या गोणपाटाचे पडदे लावलेली एक लहान बंद खोली द्या.

लेखकाला सर्वांत लहान खोली चालते. टेबल भिंतीला लावा, खिडकी बाजूला ठेवा. गायक-वादकांना पत्र्याखाली बसवू नका, पाऊस सुरू झाला की रियाझ बुडतो. त्यांची जागा बाकीच्यांपासून दीडशे फूट तरी लांब हवी.

तैलरंगाच्या स्टुडिओत एक नियम कडक पाळा. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर धोका आणखी वाढतो. झाकणाच्या डब्यात पाणी घाला आणि चिंध्या त्यातच टाका. कुंचले धुण्याचं पाणी झाडांना जाऊ देऊ नका, काही रंगांत विषारी धातू असतात. त्यासाठी वेगळी मोरी आणि गाळ बसायला वेगळी टाकी ठेवा.

कलाकार एकाच घरात राहून किती काम करू शकतो हे पाहायचं असेल तर चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर बघून या. हे छायाचित्रकार आणि चित्रकार जवळपास पन्नास वर्षं त्या घराबाहेर क्वचितच पडले आणि १९८९ मध्ये तिथेच गेले. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. जागा बांधणाऱ्याने तिथे उभं राहून, हाताशी काय काय ठेवलं होतं हे नजरेत साठवावं.

पाण्याचा हिशेब

जळगाव जिल्ह्यात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरा. हजार चौरस फूट छपरावर त्याचं सुमारे ६५ हजार लिटर पाणी होतं. पहिल्या सरीचं सोडून दिलेलं आणि वाया जाणारं वजा केलं तर ५० हजार हाती लागतं. सहा माणसांना दिवसाला ७० लिटरप्रमाणे ४२० लिटर लागतात, म्हणजे हे पाणी १२० दिवस पुरतं, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. बोअरवेलच्या भरवशावर राहू नका, यावल-रावेरकडे पाणी किती खाली गेलंय ते तिथल्या कोणत्याही केळी उत्पादकाला विचारा. मात्र धाब्यावरचं पाणी गढूळ असतं, साठवण कौलारू छपराखालीच करा.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी सगळे मिळून वाटून घेतात आणि पाटकरी ते फिरवतो. आमच्याकडे राहायला आलेल्यांपैकी एकजण दर आठवड्याला पाटकरी असतो. टाकीतली पट्टी बघायची आणि ओट्यावरच्या फळ्यावर आकडा लिहायचा. पाणी जपा म्हणून पाटी लावायची गरज त्यानंतर पडली नाही.

शौचालयं जोडखड्ड्याची, विहिरीपासून लांब. आंघोळीचं पाणी कर्दळीला आणि केळीला.

झाडं आणि रात्र

असलेलं एकही मोठं झाड तोडू नका, आराखडा वळवा. पश्चिमेला निंब आणि करंज लावा, पण ते मोठे होईपर्यंत पाच-सात वर्षं जातात. तोवर केळीच्या बागेभोवती वारा अडवायला लावतात तशी शेवरी लावा, ती एका पावसात डोक्याच्या वर जाते. डोंगराच्या बाजूला अंजन लावा. हळू वाढतो, पण तो इथलाच आहे. जंगलाला लागून असाल तर वणवा आत येऊ नये म्हणून फेब्रुवारीतच दहा फुटांची जाळरेषा साफ करा.

भिंतीलगत दगडांचे ढीग नकोत, घोणस आणि मण्यार तिथेच असतात. वाटेवरचे दिवे गुडघ्याच्या उंचीचे, खाली उजेड टाकणारे. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे पाहुणा आल्या दिवशी त्याला सांगा. केळीत बिबट्या असतो, रात्री एकट्याने बागेतून जाऊ नये हेही सांगा.

कधी उघडायचं, कसं चालवायचं

एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत बंद ठेवा. त्या दोन महिन्यांत धाबं दुरुस्त करा, विटा पाडा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, गावातलं कुणी कामाला मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. जुलै ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. ऑगस्टमध्ये कागदाला बुरशी लागते, म्हणून एक कपाट कोरडं ठेवा, आत कळीच्या चुन्याची वाटी.

स्वयंपाकघर एकच असू द्या आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी बरोबर करायचं. दिवसभर कुणी कुणाच्या दारावर थाप मारायची नाही, त्याची भरपाई इथे होते. हिवाळ्यात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला बसलं की मुंबईहून आलेला अबोल माणूसही काड्या सारायला पुढे सरकतो. कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि भरीत. त्या जाळाभोवती जेवढी चर्चा होते तेवढी आम्ही ठरवून घेतलेल्या सभांत कधीच झाली नाही, म्हणून सभा बंद केल्या.

गावाशी व्यवहार चोख ठेवा. गवंडी, सुतार, बांबूकाम करणारे यांना कलाकाराइतकाच मान आणि वेळेवर पैसे. पावरा किंवा भिल्ल आदिवासी घरांतल्या पूजेच्या गोष्टी सजावट म्हणून आणू नका. श्रावणात कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या त्या देवीच्या उत्सवाला, कुणी घरी बोलावलं तर पाहुण्यांना घेऊन जा, कॅमेरा मागे ठेवून. दर महिन्याला एक दुपार जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांसोबत, एवढी एकच अट आम्ही येणाऱ्याला घालतो.

सगळं बांधून झालं की लगेच सहा जणांना बोलावू नका. एकाच कलाकाराला पावसाळ्यात पंधरा दिवस विनामूल्य ठेवा आणि तो प्रत्यक्षात कुठे बसून काम करतो ते फक्त बघत राहा. नव्या बांधकामानंतर आलेल्या पहिल्या पाहुणीला आम्ही नवा स्टुडिओ दिला होता, पण तिचं टेबल तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत गेलं. तिथे पागोळ्यांचा आवाज होता, उत्तरेचा उजेड होता आणि समोर फक्त ओला मुरूम. पुढच्या वर्षी तीच पडवी चार फुटांनी रुंद केली.